बर्थलमय कल्याणला आले होते का?

वर्तकनगर, ठाणे
सोमवार, ९ जून

प्रिय रॉनी,

तुझा लेख मिळाला. ईमेलला नुसती फाइल जोडलेली, वर एक शब्द नाही. ‘कशी आहेस’ एवढं तरी लिहायचंस. पण तू पप्पांचाच मुलगा, तुझ्याकडून ती अपेक्षा मी सोडून दिलीये.

वाचला. दोनदा वाचला. चांगला आहे आणि नेमका चुकीच्या वेळी आलाय. इथे काय चाललंय याची तुला कल्पना नाही, म्हणून सांगते. पप्पांचा एक जुना विद्यार्थी आहे, धनेश. कल्याणच्या शाळेतला, पाठीमागच्या बाकावरचा, पप्पांचा मार खाल्लेला. आता आंबिवलीला नदीकाठी त्याची भरपूर जमीन आहे, आणि तिच्यातला एक कोपरा तो देतोय. तिथे शिळा बसवायची: ‘प्रेषित संत बर्थलमय येथे उतरले.’ आंबिवलीलाच का उतरले? तर धनेशची जमीन आंबिवलीला आहे म्हणून. हसू नकोस, मी हसून झालंय. अनावरण चोवीस ऑगस्टला, बर्थलमयच्या सणाच्या दिवशी. पास्कल अंकल पॅरिशच्या कमिटीचे अध्यक्ष. दोन बसगाड्या ठरवल्यात आणि बिशपांनाही विचारलंय. शिळेवरचा मजकूर पप्पा लिहिणार.

आणि तुझा लेख म्हणतो की पहिल्या शतकात बर्थलमय कल्याणला आल्याचा एकही पुरावा नाही.

तुला आठवतंय ना चर्चच्या हॉलमधलं, सणाच्या जेवणाचं? मला तर त्या दिवशीची जेवणाची पानंसुद्धा आठवतात. पप्पा दरवर्षीप्रमाणे उभे राहून सांगत होते. गलबत खाडीतून वर कल्याणच्या बंदराला लागलं, पुळुमावी राजाच्या मुलीला भुतानं झपाटलेलं, प्रेषितांनी तिला बरं केलं, राजानं बाप्तिस्मा घेतला आणि राजाच्या भावानं चिडून प्रेषितांची कातडी सोलली. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. आणि फादर व्हायला सेमिनरीत गेलेला, सुट्टीवर आलेला तू, पांढरा झगा घालून, उठून म्हणालास, “पप्पा, याला आधार काय?” त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर. पास्कल अंकल तर मोठ्यानं हसले होते.

तू पुढे सेमिनरी सोडलीस, लग्न केलंस, परदेशी लिस्बनला गेलास, त्याचं पप्पांना तेवढं लागलं नाही. त्या प्रश्नानंतर मात्र ते तुझ्याशी बोललेले नाहीत.

म्हणून सांगते, या दोन महिन्यांत असलं काही पाठवू नकोस. पप्पा बरे आहेत. डोळ्यांचा थोडा त्रास आहे, संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते, बस्स.

सेलीन

•

शनिवार, २१ जून

प्रिय रॉनी,

मी एक उद्योग करून बसलेय.

परवा पप्पा म्हणाले, “तेच ते किती दिवस वाचणार? नवीन काही आलं असेल तर बघ, कुणीतरी काहीतरी लिहिलंच असेल.” तुझा लेख छापून माझ्या पर्समध्ये पडलेला. मी म्हटलं, आलंय एक, पुण्याच्या त्रैमासिकात. “कुणाचं?” आता काय सांगू? आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी नेमके तेव्हाच खाली कुणाशी तरी भांडत होते, त्यांचं नाव तोंडात आलं. म्हटलं, प्रा. देवराम म्हणून कुणी आहेत.

“हिंदू आहेत?”

“असतील.”

“चांगलं आहे. तटस्थ असतील. वाच.”

मी वाचायला लागले. चौथ्या शतकातला तो बिशप लिहितो की एक गुरुजी ‘इंडिया’ला गेले तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांकडे बर्थलमयनं ठेवलेलं हिब्रू लिपीतलं शुभवर्तमान त्यांना मिळालं. पप्पांचा हाच मोठा पुरावा. त्यावर तू लिहिलंयस की त्या काळात ‘इंडिया’ हा शब्द अरबस्तानाला लावत, इथिओपियाला लावत, ज्याला जिथून मसाले मिळत तो त्याला इंडिया म्हणे. पप्पांनी हात वर केला. वर्गात करायचे तसाच.

“थांब. परत वाच.”

मी परत वाचलं.

“हे देवराम पुढे आर्मेनियाचं काढणार बघ. तिथले लोक म्हणतात कातडी तिकडे सोलली.”

पुढच्याच पानावर ते होतं. मी म्हटलं, हो, काढलंय.

“इथिओपियात नेलं, अरबस्तानात नेलं, आर्मेनियात मारलं,” पप्पा म्हणाले. “एका माणसाची कातडी किती ठिकाणी सोलणार?” मग स्वतःशीच हसले. रॉनी, आई गेल्यापासून मी त्यांना या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं.

उद्या पुढचा भाग वाचायचा आहे. त्यांनीच सांगितलंय. मला ना धड झोप लागतेय, ना शाळेत शिकवण्यात लक्ष. फसवतेय मी त्यांना. पण थांबवतही नाहीये.

सेलीन

•

रविवार, ६ जुलै

रॉनी,

तू उत्तर पाठवलंस, तेही ‘देवराम कोण?’ एवढंच. अरे, तू!

आता नीट ऐक. डोळ्यांचा थोडा त्रास आहे असं मी लिहिलेलं, ते खरं नाही. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेलाच आहे, उजव्यानं खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पप्पांनी मला शपथ घातलेली, लिस्बनला कळवायचं नाही. “त्याला दया येऊन तो आला तर मला नकोय,” म्हणाले. मी ती शपथ आत्ता मोडतेय. का मोडतेय, ते पुढे वाच.

तुझा लेख वाचून संपला. पप्पांनी दोन दिवस जाऊ दिले. मग म्हणाले, “कागद घे. देवरामांना उत्तर लिहायचंय.” मी बसले. ते खिडकीकडे तोंड करून सांगत गेले, मी लिहीत गेले. सोबत पूर्ण जोडलंय, थोडक्यात सांगते.

त्यांचं म्हणणं, इंडिया म्हणजे नेमकं कुठलं हे ठाऊक नाही, हे कबूल. पण ‘ठाऊक नाही’ याचा अर्थ ‘कल्याण नाही’ असा होत नाही. कल्याण हे तेव्हा जागतं बंदर होतं, इजिप्तहून जहाजं येत होती, जहाजावर यहुदी व्यापारी असत. माणूस येऊ शकत होता. तर मग प्राध्यापकांनी ‘आलाच नाही’ असं का सुचवावं? त्यांनी ‘सांगता येत नाही’ म्हणावं.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“शेवटी लिही, आपला लेख अभ्यासपूर्ण आहे. वाक्यं लांबलचक आहेत, ती तोडावीत.” मग थोडं थांबून, “आणि विचार, त्यांची मुलगी आता कितवीत आहे.”

माझं पेन थांबलं.

देवरामांना मुलगी आहे असं मी कधीही म्हटलेलं नाही, रॉनी.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना मी दिसत नव्हते. चेहरा अगदी मख्ख. “लिहिलंस का?” म्हणाले. मी म्हटलं, हो पप्पा, लिहिलं.

तर तुझी नीना कितवीत आहे? आणि उत्तर लेखाच्या मुद्द्यांनाही दे, नुसतं तेवढंच नको. नाहीतर ते ओळखतील की आपण ओळखलंय.

सेलीन

•

रविवार, २७ जुलै

प्रिय रॉनी,

तुझं उत्तर वाचून दाखवलं. ‘माझी मुलगी चौथीत आहे आणि मराठी वाचायला शिकते आहे’ हे ऐकून पप्पा म्हणाले, “प्रोफेसर सज्जन दिसतात.” आणि लगेच, “पुढे वाच.”

पुढचं वाचायला नको होतं.

पुळुमावीचं. तू सगळं मांडलंयस. राजाची ती गोष्ट प्रेषितांनंतर काहीशे वर्षांनी कुणीतरी रचली. गोष्टीतल्या राजाचं नाव पॉलिमियस. ते पुळुमावीसारखं ऐकू येतं, म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी दोघांना एक केलं. नाण्यांवरून आणि लेण्यांतल्या लेखांवरून पाहिलं तर पुळुमावी गादीवर आला तेव्हा बर्थलमय जिवंत असलेच तर नव्वदीच्या पुढे असते. बर्थलमय ‘इंडिया फेलिक्स’ला गेले, लॅटिन ‘फेलिक्स’ म्हणजे सुखी, म्हणजे कल्याण, हीसुद्धा नावाची ओढाताण.

पप्पांनी या वेळी हात वर केला नाही. मी विचारलं, परत वाचू? “नको. नव्वदी कळते मला.”

त्यानंतर ते जेवायला येतात, मिस्साला येतात, फक्त बोलत नाहीत. पास्कल अंकलचा रोज फोन. “मजकूर कुठपर्यंत आला? शिळावाला थांबलाय.” काल धनेश गाडी घेऊन आला आणि आम्हाला आंबिवलीला घेऊन गेला. जागा दाखवायला, म्हणजे पप्पांना ती काय दिसणार. तरी ते काठी टेकत अगदी नदीपर्यंत गेले. धनेशनं चौथरा बांधून ठेवलाय, आजूबाजूला सोनचाफा लावलाय. म्हणतो, “सर, माझी आई आजारी असायची तवा तुमी देवळातलं तेल पाठवायचे. बर्थलमय बाबाचं. ती रोज कपाळाला लावायची. तिच्यासाठी करतोय.” पप्पांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या वाटेवर मला तुझा राग आला, खरंच आला. तू तिकडे ग्रंथालयात बसून खरं काय ते शोधतोस, छापतोस, मोकळा होतोस. तेच खरं मला रोज संध्याकाळी एका आंधळ्या माणसाच्या कानात घालावं लागतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते कुठे जाऊन लागतं ते बघावं लागतं. तुझा लेख एवढा बरोबर नसता तर बरं झालं असतं.

आणि माझं काय, ते कुणी विचारत नाही. माझं लग्न मोडलं तेव्हा मी कुणाशीही बोलले नव्हते, तुझ्याशीसुद्धा नाही. फक्त देवळातल्या त्या डावीकडच्या बर्थलमयच्या पुतळ्याशी बोलायचे, हातात सुरी धरलेल्या. मला वाटायचं, हा माणूस आपल्याकडे आला होता, आपल्या खाडीचं पाणी यानं पाहिलंय, याला आपली भाषा समजत असेल. आता ते सगळं मी कुणाला सांगितलं होतं?

उत्तर देऊ नकोस याला. इतिहासकाराचं उत्तर मला नकोय.

सेलीन

•

रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय रॉनी,

काल कमिटीची सभा होती. जाताना टेंभी नाक्याला दहीहंडीच्या गर्दीत रिक्षा अडकली, डीजेनं कानठळ्या बसत होत्या आणि पप्पा त्या गोंगाटात मला शिळेचा मजकूर सांगत होते. सभेत तो मीच वाचायचा होता, त्यांच्या वतीनं. मला अर्धं ऐकू येत नव्हतं. मी ओरडले, “पप्पा, घरी का नाही सांगितलंत?”

“घरी ठरलं नव्हतं,” म्हणाले.

मजकूर असा:

‘या नदीच्या मुखाकडे, खाडीच्या काठी, कल्याणच्या बंदरात, ख्रिस्ती माणसं राहत होती आणि त्यांचा एक बिशप होता, असं सहाव्या शतकातला एक व्यापारी लिहून गेला. त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. प्रेषित बर्थलमय येथे आले होते, असं त्यांची मुलं सांगत आली.’

मी वाचून खाली बसले. हॉल तोच. पास्कल अंकल पहिल्यांदा बोलले, “इनास सर, हे काय? आले होते की नव्हते, ते सरळ लिहा ना.”

पप्पा उभे राहिले. आवाज कुठून येतोय त्याचा अंदाज घेऊन तिकडे वळले. “पास्कल, मला ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं ठाऊक असल्यासारखं सांगितलं. पुळुमावीचं तर चूकच सांगितलं. जे लिहिलेलं आहे ते पहिल्या ओळीत आहे, जे सांगितलेलं आहे ते शेवटच्या. मधे मी काही घालणार नाही.”

“मग लोक कशाला येतील तिथे? नाव नसलेल्या माणसांसाठी?”

“त्यांच्यासाठी यावं असं मला वाटतं,” पप्पा म्हणाले. “प्रेषित एकदा आले असतील तर गलबतातून आले, भाषण केलं आणि मेले. ही माणसं इथे राहिली. मुलं वाढवली, मढी पुरली, पाचशे वर्षं कुणी बघत नसताना प्रार्थना केली. एवढं मोठं नाव त्यांच्या डोक्यावर ठेवलं आपण, की ती दिसेनाशी झाली. मलाही दिसली नाहीत, आणि माझे डोळे चांगले होते तेव्हा.”

मग मतं घेतली आणि मजकूर नामंजूर झाला. बसगाड्या रद्द. बिशपांना कळवायचं की कार्यक्रम पुढे ढकललाय. पास्कल अंकल शेवटी नरमले, पण एवढंच म्हणाले, “पॅरिशच्या नावानं हे नको. तुम्हाला करायचं तर तुमचं तुम्ही करा.”

मला वाटलं, झालं, धनेशही आता हात वर करणार. त्याला बाबाचं नाव हवं होतं, आईसाठी. तो ना पॅरिशचा, ना कमिटीचा, तरी मागच्या रांगेत येऊन बसलेला. पप्पा त्याला म्हणाले, “धनेश, तुझी जमीन आहे. तुला हे नको असेल तर राग नाही.”

तो डोकं खाजवत उठला. “सर, आमच्या गावच्या येशीवरच्या देवाला तरी कुठं नाव हाय? दगड हाय, शेंदूर हाय. आमी जातोच ना. तुमी सांगाल तसा कोरू.”

आज सकाळी तो शिळावाल्याकडे मजकूर घेऊन गेला.

मला मघापासून काही सुचत नाही. घरभर फिरतेय. पप्पा मात्र शांत झोपलेत.

सेलीन

•

सोमवार, २५ ऑगस्ट

प्रिय रॉनी,

काल दुपारी पप्पांनी तुला फोन केला, नंबर मी लावून दिला, आणि पाच मिनिटांत त्यांनी तो आपटला, एवढं तुला माहीत आहे. त्याआधी काय झालं आणि नंतर काय झालं ते तुला माहीत नाही. आणि तू आता तिकडे ‘संपलं सगळं’ म्हणून बसला असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

अनावरणाला आम्ही अठरा-वीस जण होतो. धनेशच्या घरचीच निम्मी. फादर आले, पॅरिशतर्फे नाही, असेच आलो म्हणाले, आणि छोटी प्रार्थना केली. पास्कल अंकल नाहीत. पप्पांनी शिळेवरून बोटं फिरवून एकेक अक्षर वाचलं. फार वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. धनेशच्या बायकोनं आपणहून हळदकुंकू वाहिलं, फादर काही बोलले नाहीत, पप्पाही नाहीत. मी त्या नावं नसलेल्या बायकांचा विचार करत होते. त्यातली एखादी नवऱ्यानं टाकलेली असेल. ती कुणाशी बोलत असेल?

मग धनेशच्या ओट्यावर जेवण झालं. हात धुऊन पप्पा म्हणाले, “सेलीन, रोनाल्डला फोन लाव.”

रोनाल्ड. देवराम नाही. मी लावला. त्यांनी तुला ‘कसा आहेस’ विचारलं नाही, मजकूर म्हणून दाखवला आणि विचारलं, “बरोबर आहे?” तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, पण पप्पांच्या तोंडावरून कळलं. ते लाल झाले. “‘त्यांची मुलं’ कशावरून म्हणजे? मग आपण कुणाची मुलं?” मग तू पोर्तुगीजांचं काढलं असशील. आपल्या घरांचे बाप्तिस्मे सोळाव्या शतकातले, मधल्या हजार वर्षांचा धागा कुठे आहे, वगैरे. बरोबर ना? त्यांनी फोन माझ्या हातात आपटला. माझा हातच पुढे होता म्हणून बरं, नाहीतर नवीन मोबाइल घ्यावा लागला असता.

आता पुढचं.

धनेशनं हळूच विचारलं, “सर, काय झालं? कोण होतं?”

“माझा मुलगा,” पप्पा म्हणाले.

रॉनी, हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकले ते मोजायचं मी केव्हाच सोडलेलं. धनेशला तर तू अस्तित्वात आहेस हेसुद्धा माहीत नव्हतं. तो म्हणाला, “तुमाला मुलगा हाय?”

“आहे. लिस्बनला असतो. मोठा अभ्यासक आहे. म्हणतो, मजकुरात एक शब्द चुकलाय.”

“मग? चुकलाय का?”

पप्पा नदीच्या दिशेला तोंड करून बसले.

“चुकलाय,” म्हणाले. “‘त्यांची मुलं’ नाही, ‘इथली मुलं’ हवं होतं. आपण त्यांच्या पोटचे आहोत याला आधार नाही.”

धनेश म्हणाला, शिळावाल्याला उद्या बोलवतो, तेवढा शब्द घासून नवा घालता येईल. पप्पा नको म्हणाले. नंतर म्हणाले, बोलव. नंतर परत नको. शेवटी ठरलं की दसऱ्यानंतर बघू. मग माझा हात शोधून धरला आणि अगदी हळू, धनेशला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. पण त्याला इतक्यात सांगू नकोस. अजून थोडं भांडू दे.”

तर मी सांगितलेलं नाही. तू येत्या रविवारी फोन कर, भांडायच्या तयारीनं कर. आणि नीनाला आधी बोलू दे.

सेलीन